५५५ च्या दोन आयसींवर सूर ओळखायचा डबा: घरी कसा बनवायचा, कसा वापरायचा

आमच्या गावात रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते आणि गुरुवारी खंजिरी भजन, तुकडोजी महाराजांपासून चालत आलेली ही पद्धत अमरावती-वर्ध्याकडे गावोगावी आहे, ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायची गरज नाही. मी पेटीवर बसतो. पोट्ट्यांचे आवाज दमदार आहेत, ताल तर त्यांना शिकवावाच लागत नाही, पण पेटीवरचा हात मी मुद्दाम उचलला की दोन ओळींत अख्खं मंडळ खाली उतरतं आणि कोणाला पत्ताच नसतो. काहून? तर त्यांनी सूर डोळ्यानं शिकलाय. "भाऊ, ग म्हणजे ही पांढरी ना?" असं विचारतात. पट्टी दिसते, बोट ठेवतात, सूर निघतो. कानाला कधी कामच पडलं नाही.

म्हणून मला असं काहीतरी पाहिजे होतं ज्याच्यावर बघायला काहीच नाही. मोबाईलमध्ये तानपुऱ्याचे ॲप आहेत, सूर ओळखायचे पण आहेत, पण त्यात चार पर्याय येतात आणि पोट्टे अंदाजानं बोट मारतात. या डब्यात तसं नाही. एका स्पीकरमधून सा वाजत राहतो, दुसऱ्या स्पीकरचा सूर तुमच्या हातातल्या नॉबवर चढतो-उतरतो, आणि सराव करताना नॉबवर एकही खूण दिसत नाही. "प लाव" म्हटलं की ऐकत ऐकत प पर्यंत जायचं. लॅपटॉप लागत नाही, प्रोग्रॅमिंग नाही, लाईन नसली तरी चालतो. ज्यांनी आयुष्यात सोल्डरिंग केलं नाही त्यांच्यासाठी लिहितोय, त्यामुळे ज्यांना हे काम येतं त्यांनी थोडं सांभाळून घ्या.

आधी थोडं समजून घ्या, मग जोडा

५५५ ही टायमर आयसी म्हणजे छोटी इलेक्ट्रॉनिक चिप आहे, १९७२ पासून बाजारात आहे आणि अजून दहा-पंधरा रुपयांत मिळते. आठ पायांची. तिला दोन रेझिस्टन्स (वीज अडवणारे) आणि एक कपॅसिटर (वीज साठवणारा) लावला की ती स्वतःच चालू-बंद होत राहते, आणि हे चालू-बंद सेकंदाला २४० वेळा झालं की स्पीकरमधून २४० हर्ट्झचा सूर येतो.

२४० हा आकडा मी मुद्दाम घेतलाय. संगीताच्या पुस्तकांत सा २४० धरून बाकीचे स्वर देतात: रे २७०, ग ३००, म ३२०, प ३६०, नी ४५०, वरचा सा ४८०. ध काही ठिकाणी ४०० तर काही ठिकाणी ४०५ मिळेल, दोन्ही बरोबर आहेत. मध्यमाला जुळवून घेतला तर ४०० येतो आणि रेचा पंचम (म्हणजे दीडपट) म्हणून घेतला तर ४०५. सुरुवातीला ४०० ठेवा.

आता यातली गंमत बघा. सूत्र असं आहे की १.४४ ला (पहिला रेझिस्टन्स + दुसऱ्याची दुप्पट) गुणिले कपॅसिटर यानं भागायचं. कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरड घेतला तर २४० हर्ट्झसाठी कंसातली बेरीज बरोबर ६० के ओहम (के म्हणजे हजार) येते. वरच्या सा ला ३० के. प ला ४०, म ला ४५, ग ला ४८, ध ला ३६, नी ला ३२, आणि रे ला ५३ च्या थोडं वर. हे आकडे ज्यानं एकतारीवर किंवा सतारीवर बोट ठेवून पाहिलंय त्याला ओळखीचे वाटतील, तार अर्धी केली की वरचा सा, दोन तृतीयांश ठेवली की प, पाऊण ठेवली की म. इथं तारेच्या लांबीच्या जागी रेझिस्टन्स आहे, बस. मला हे पहिल्यांदा वहीवर मांडल्यावर कळलं तेव्हा मी रात्री उठून परत गणित करून पाहिलं होतं.

काय काय आणायचं

५५५ आयसी दोन (तीन आणा, एक हाताशी असू द्या) आणि त्यांचे आठ पायांचे बेस. रेझिस्टन्स: १० के दोन (तपकिरी-काळा-नारिंगी), १५ के एक (तपकिरी-हिरवा-नारिंगी), ६.८ के एक (निळा-करडा-लाल), १०० ओहमचे दोन (तपकिरी-काळा-तपकिरी). एक मल्टिटर्न प्रिसेट (स्क्रूड्रायव्हरनं कमी-जास्त करायचा रेझिस्टन्स) २० केचा, त्याच्यावर २०३ लिहिलेलं असतं. एक २२ केचा पॉट (नॉब फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टन्स), लिनियर पाहिजे म्हणजे त्यावर 'बी' असतं, 'ए' वाला घेऊ नका, तो व्हॉल्यूमसाठी असतो आणि त्याच्यावर अर्धे स्वर एका कोपऱ्यात जमा होतात. २२ के मिळाला नाही तर १० केचे दोन पॉट एकामागे एक जोडा, एकानं जवळ जायचं आणि दुसऱ्यानं बारीक लावायचं, खरं सांगू तर हे जास्तच चांगलं पडतं. मग ०.१ मायक्रोचे चार कपॅसिटर (त्यातले दोन खास, खाली सांगतो), ०.०१ चे दोन म्हणजे १०३ लिहिलेले, १० मायक्रोचे दोन आणि १०० मायक्रोचा एक. ८ ओहमचे छोटे स्पीकर दोन, जुन्या रेडिओतून काढलेले पण चालतात. पेन्सिल सेल चार आणि त्यांचं होल्डर. एक टॉगल स्विच, एक पुश बटण. ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भोकांत खोचून जोडायचा बोर्ड), थोडी वायर.

नागपूरला जाणं होत असेल तर बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) सगळं एका फेरीत होतं. नाहीतर तालुक्याच्या टीव्ही रिपेअरिंगवाल्याकडे आयसी, रेझिस्टन्स, स्पीकर निघतात, पॉट तेवढा सांगून मागवावा लागतो. सगळं मिळून अडीचशे-तीनशे रुपयांच्या आसपास जातं.

ते दोन खास कपॅसिटर. सूर ठरवणारे जे दोन आहेत ते पॉलिस्टरचेच घ्या, हिरवे चपटे असतात आणि त्यावर 104J लिहिलेलं असतं. पिवळट गोल टिकलीसारखे सिरॅमिक लावू नका. मी पहिल्या डब्यात तेच लावले होते. जानेवारीत डबा बनवला, सूर एकदम पक्के, खुणा करून ठेवल्या. मे महिन्यात टिनाच्या सभागृहात दुपारी काढला तर एकही खूण जागेवर नाही, सगळे स्वर सरकलेले, आणि मी आधी पोट्ट्यांनाच रागावलो की कोणी प्रिसेट फिरवला म्हणून. कोणीच फिरवला नव्हता. स्वस्त सिरॅमिकची किंमत, म्हणजे फॅरडवाली, उन्हात बदलते आणि आपल्याकडचं ऊन तर माहीतच आहे. बाकीचे दोन ०.१ सप्लायवर लावायचे आहेत, ते सिरॅमिक चालतील.

सा चा भाग जोडा

आयसीवर एका बाजूला खाच असते. खाच डावीकडे करून आयसी समोर ठेवली की खालच्या ओळीत डावीकडून १, २, ३, ४ आणि वरच्या ओळीत उजवीकडून ५, ६, ७, ८. हे दोनदा तपासा. सप्लाय उलटा गेला तर आयसी बोट भाजेल इतकी तापते आणि मग ती गेली म्हणून समजा.

पाय १ मायनसला, पाय ८ प्लसला. पाय ४ पण प्लसला. पाय ८ आणि ७ च्या मध्ये १० के. पाय ७ पासून ६ पर्यंत १५ के आणि त्याच्यामागे प्रिसेट, प्रिसेटचा मधला पाय आणि एक कडेचा एवढेच दोन वापरायचे. पाय ६ आणि २ वायरनं एकत्र. पाय २ पासून मायनसला तो हिरवा कपॅसिटर. पाय ५ पासून मायनसला ०.०१. आता पाय ३ म्हणजे आवाज बाहेर येतो तो, त्याला १०० ओहम, मग १० मायक्रोचा कपॅसिटर (प्लसची बाजू आयसीकडे, मायनसच्या बाजूला अंगावर पांढरी पट्टी असते), मग स्पीकर, आणि स्पीकरचं दुसरं टोक मायनसला.

सेल लावा. बारीक सनईसारखा, जरा कर्कश सूर यायला पाहिजे. कर्कश आहे म्हणून नाराज होऊ नका, याच कर्कशपणात वरचे उपस्वर (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट असे बारीक सूर) असतात आणि पुढं कानाला तेच कामी येतात.

आवाज आलाच नाही तर दहापैकी आठ वेळा ६ आणि २ ची वायर राहिलेली असते, नाहीतर ब्रेडबोर्डच्या मधल्या खाचेच्या दोन्ही बाजूंना आयसीचे पाय नीट बसलेले नसतात.

दुसरा सूर

दुसरी आयसी अगदी तशीच जोडायची. फरक एकच, ७ आणि ६ च्या मध्ये १५ के आणि प्रिसेटच्या जागी ६.८ के आणि पॉट. पॉटचे तीन पाय खाली आणि दांडी आपल्याकडे करून धरला तर मधला आणि उजवा पाय वापरायचा, म्हणजे नॉब घड्याळाच्या दिशेनं फिरवला की रेझिस्टन्स कमी होतो आणि सूर चढतो. डावा पाय मधल्याला जोडून टाका. या जोडणीत साधारण २१५ पासून ६०० हर्ट्झपर्यंत सूर फिरतो, एक सप्तक आरामात बसतं.

सा च्या प्लसच्या वायरमध्ये टॉगल स्विच टाका. दुसऱ्या आयसीच्या प्लसमध्ये पुश बटण, म्हणजे दाबलं तेवढाच वेळ सूर. हे बटण मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण सूर सतत वाजत राहिला की पोट्टं नॉब फिरवत राहतं आणि ऐकत नाही. बटण असलं की आधी मनात सूर धरावा लागतो, मग दाबून बघावं लागतं.

सेल उतरले की सूर उतरेल का, हे सगळेच विचारतात. फारसा नाही. ५५५ आपल्याच सप्लायच्या एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश यांच्या मध्ये कपॅसिटर भरते-रिकामा करते, सप्लाय कमी झाला तर दोन्ही टोकं बरोबरच खाली येतात. आवाज बारीक होतो, सूर जवळपास तोच राहतो. पॉवर बँक लावायची असेल तर लावा, पण हा डबा इतका कमी करंट ओढतो की बऱ्याच पॉवर बँका थोड्या वेळानं आपोआप बंद होतात, म्हणून मी सेलच वापरतो.

इथं सगळे फसतात

आता सा चालू करा, दुसरा सूर हळूहळू सा जवळ आणा. दोन सूर जवळ आले की वँव-वँव-वँव असे हेलकावे ऐकू येतात, शाळेच्या पुस्तकात यांना विस्पंद म्हणतात. सा २४० आणि दुसरा २४३ असेल तर सेकंदाला तीन हेलकावे. २४१ ला एक. बरोबर २४० ला शांत, दोन सूर एकमेकांत विरघळतात. दोन स्पीकर असल्यामुळं हे हेलकावे हवेतच तयार होतात, डोकं इकडेतिकडे हलवलं तरी फरक कळतो.

पण पुष्कळदा असं होतं की हेलकावे कमी होत होत येतात आणि एकदम थांबतात, आणि मग नॉब थोडा पुढेमागे केला तरी थांबलेलेच राहतात. ऐकणाऱ्याला वाटतं वा, सूर लागला. लागलेला नसतो राजेहो, दोन आयसी एकमेकींना चिकटलेल्या असतात. दोघी एकाच सेलवर चालतात, एक आयसी पलटी मारते तेव्हा सप्लायला छोटासा झटका बसतो आणि तो झटका दुसरीला ओढून आपल्याबरोबर चालवतो. कणसूर (सुरापासून जरासं सुटलेलं) पोट्टं यात पास होतं आणि कानाचं काम परत मशीनच करतं, म्हणजे आपण ज्याच्यासाठी एवढं केलं तेच गेलं.

उपाय: प्रत्येक आयसीच्या ८ आणि १ नंबरच्या पायांत, अगदी पायाजवळ, एकेक ०.१ लावा. सेल होल्डरच्या वायरींवर १०० मायक्रो लावा, प्लस-मायनस बघून. पाय ५ चे ०.०१ विसरला असाल तर लावा. एवढ्यानं बहुतेक भागतं. नाहीच भागलं तर दोन आयसींना वेगवेगळे चार-चार सेल द्या, मग चिकटायला काही रस्ताच राहत नाही. तपासायची पद्धत सोपी आहे, नॉब केसभर हलवला की हेलकावे अगदी सावकाश का होईना परत सुरू व्हायला पाहिजेत, दोन-तीन सेकंदांत एक असे सावकाश हेलकावे मिळाले की डबा खरा झाला.

सूर लावणं आणि खुणा

मोबाईलवर हर्ट्झ दाखवणारं कोणतंही ट्यूनर ॲप टाका. फक्त सा चालू ठेवून प्रिसेट स्क्रूड्रायव्हरनं फिरवत २४० आणा. मग सा बंद, बटण दाबून नॉबवर २७०, ३००, ३२० असं एकेक करत जा आणि नॉबखाली चिकटवलेल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलनं खुणा करा. वरच्या बाजूला खुणा जवळ जवळ येतील, नी आणि वरचा सा तर अगदी खेटून, सतारीचे पडदे वरच्या सुरांकडे जवळ येत जातात तेच इथं. म्हणून नॉब मोठा घ्या, बाटलीचं झाकण बसवलं तरी चालतं.

खुणा झाल्या की त्यावर झाकण. मी जाड पुठ्ठ्याची चकती बिजागरीसारखी टेपनं लावलीय, सराव करताना बंद, तपासताना उघडायची. सगळं इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो त्या पीव्हीसी बॉक्समध्ये बसवलं, स्पीकरसमोर तापलेल्या खिळ्यानं भोकं पाडली. ब्रेडबोर्डवर महिनाभर चालवून मगच झिरो पीसीबीवर (नुसत्या भोकांच्या कोऱ्या बोर्डावर) सोल्डर करा, घाई करू नका.

पेटीशी हे जुळणार नाही हे आधीच सांगतो. २४० हा पेटीवर कुठल्याच पट्टीवर येत नाही, काळी पाच आणि तिच्या शेजारची शेवटची पांढरी यांच्या मध्ये कुठेतरी पडतो. पेटीबरोबर वापरायचा असेल तर प्रिसेट फिरवून सा काळी एकला म्हणजे २७७ ला न्या आणि बाकीचे त्याच पटीत, प दीडपट, ग सव्वापट, म एकपूर्णांक एकतृतीयांश. तरीही ग थोडा वेगळा येईल. पेटीत बारा पट्ट्या समान अंतरावर लावलेल्या असतात, त्यामुळं २४० च्या सा ला पेटीचा ग ३०२ च्या वर जातो आणि कानाला शांत वाटणारा ग ३०० ला आहे. माझं मत विचाराल तर आधी ३०० चा ग कानात बसू द्या. तो एकदा ऐकलेला कान पेटीवर बसल्यावरही चुकत नाही, उलट पेटीच्या गमधली थरथर त्याला ऐकू यायला लागते.

सराव कसा घ्यायचा

पहिले आठ दिवस फक्त सा ला सा. दुसरं काहीच नाही. नॉब कुठेतरी फिरवून द्यायचा, पोट्ट्यानं डोळे मिटून हेलकावे थांबेपर्यंत यायचं. वरून पण यायचं आणि खालून पण, कारण बहुतेकांना एकाच बाजूनं जमतं.

मग वरचा सा, मग प. प चे हेलकावे वेगळे असतात, दोन मूळ सुरांचे नसतात. ते उपस्वरांचे असतात: सा ची तिप्पट ७२० आणि प ची दुप्पट पण ७२०, तिथं ते एकमेकांना भेटतात. प ३६१ ला असला तर ७२० आणि ७२२, म्हणजे सेकंदाला दोन हेलकावे. हे वर कुठेतरी बारीक वाजतात, सुरुवातीला ऐकूच येत नाहीत. आमच्यातल्या एका पोट्टीला चार दिवस काहीच ऐकू आलं नाही, पाचव्या दिवशी तिनं नॉब थांबवला आणि म्हणाली, "भाऊ, वरती कोणीतरी हलत होतं, आता थांबलं." झाकण उघडून पाहिलं तर नॉब प च्या खुणेवर. त्यानंतर तिला मी हेलकावा म्हणजे काय ते परत कधी समजावलं नाही.

प बसला की म, मग ग. ग चे हेलकावे अजून बारीक आणि उंच, घाई चालत नाही. रे, ध, नी यांना हेलकाव्यांवर फार विसंबू नका, ते शेजाऱ्यांवरून शोधायला शिकवा: रे चा पंचम कुठे येतो, ग चा पंचम नी होतो, असं.

आणि प्रत्येक वेळी क्रम हाच ठेवा. सा ऐकायचा, टॉगल बंद, आधी गळ्यानं स्वर म्हणायचा, मग नॉब आपल्या गळ्याला जुळवायचा, मग सा परत चालू. सा चालू झाला की लगेच कळतं आपण कुठे होतो. झाकण सगळ्यात शेवटी उघडायचं. रोज दहा मिनिटं पुरे, त्याच्यापुढे कान थकतो आणि थकलेला कान काहीही हो म्हणतो.

महिनाभरानं पोट्ट्यांच्या हाताला नॉबची जागा पाठ होते, हे होणारच. तेव्हा प्रिसेट फिरवून सा दुसरीकडे न्या. खुणा निकामी होतील, होऊ द्या, मोबाईलवर दीडपट-सव्वापट करून तपासा. आम्ही एकदा सा २०० ला लावला होता, कारण सभागृहामागच्या डीपीची घरघर १०० हर्ट्झची असते, लाईन ५० ची असली की ट्रान्सफॉर्मर तिच्या दुप्पट घुमतो. कुंपणाच्या बाहेर, लांबच उभं राहून डीपी ऐकायची, मनात एक सप्तक वर घ्यायची, आणि आत येऊन डब्याचा सा तिला जुळवायचा. त्या रात्री घरी जाताना चारही पोट्टे रस्त्यावर थांबून डीपीला पंचम लावत होते, मी मोबाईल काढून पाहिलं, ३०१ दाखवत होता.